लिंगभाव ओळख आणि लैंगिक कल: शरीराचा वाटा, समाजाचा वाटा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पालक, शिक्षक आणि स्वतःविषयी विचार करणारी तरुण मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे, आणि जिथे दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिंग, लिंगभाव, लिंगभाव ओळख आणि लैंगिक कल असे वेगवेगळे शब्द का वापरता? अर्थ एकच नाही का?

नाही, आणि या विषयातले बरेचसे गैरसमज या चार शब्दांच्या सरमिसळीतूनच निघतात. मराठीत एक जास्तीची अडचण आहे. ‘लिंग’ हा शब्द शरीराच्या अवयवालाही वापरतात, नर-मादी या भेदालाही वापरतात आणि व्याकरणातल्या पुल्लिंग-स्त्रीलिंगालाही वापरतात. इथे ‘लिंग’ म्हणजे गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि जननेंद्रिये यांवरून ठरणारे शरीराचे लिंग. ‘लिंगभाव’ म्हणजे त्या शरीराकडे पाहून समाज पोशाख, बोलणे, कामे आणि अधिकार यांविषयी ज्या अपेक्षा बांधतो, त्यांचा संच. आपण पुरुष आहोत, स्त्री आहोत, दोन्ही आहोत किंवा यांपैकी काहीच नाही, ही माणसाची स्वतःविषयीची आतली जाणीव म्हणजे ‘लिंगभाव ओळख’; ही संकल्पना १९६० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्टोलर यांच्या लेखनातून रूढ झाली. प्रेमाचे आणि कामेच्छेचे आकर्षण ज्या दिशेने वाहते ती दिशा म्हणजे ‘लैंगिक कल’. जन्मतः नोंदवलेले लिंग आणि स्वतःची ओळख जुळत नाही अशा व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. पारलिंगी असणे आणि समलिंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (प्रश्न १६ पाहा).

२. हे सगळे जन्मजात असते की संस्कारांतून येते? एका वाक्यात उत्तर द्या.

एका वाक्यात द्यायचे तर असे: आकर्षणाची दिशा आणि स्वतःविषयीची मूळ जाणीव यांचा पाया फार लवकर, बव्हंशी सामाजिक शिकवणुकीच्या आधी पडतो असे आजचे पुरावे सांगतात, आणि त्या जाणिवेला नाव कोणते मिळेल, ती कशी व्यक्त होईल आणि ती बाळगणाऱ्याला समाजात कोणती जागा मिळेल हे संस्कृती ठरवते.

पण एक वाक्य पुरत नाही, कारण प्रश्नातच एक चूक दडलेली आहे. ‘जन्मजात’ म्हणजे ‘जनुकांतून आलेले’ आणि ‘जनुकांतून न आलेले’ म्हणजे ‘संस्कारांनी घडवलेले’ अशी वाटणी आपण नकळत करतो. गर्भाशयातली संप्रेरके, आईची प्रतिकारशक्ती, वाढणाऱ्या पेशींमधले निव्वळ योगायोग हे सगळे जनुकांच्या बाहेरचे आहे, तरीही ते जन्माच्या आधीचे आहे आणि कुणाच्याही शिकवणुकीचे नाही.

डावखुरेपणाचे उदाहरण इथे फार उपयोगी पडते, म्हणून पुढेही काही उत्तरांत ते येईल. कोणता हात पुढे येणार याची चिन्हे गर्भातच दिसतात. गर्भातल्या बाळाने कोणता अंगठा तोंडात धरला याचा पुढच्या काळातल्या हाताशी संबंध आढळला आहे. तरीही डावखुरेपणाचे एकच असे जनुक नाही, आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एक डावखुरा आणि दुसरा उजवखुरा असणे अगदी सामान्य आहे. संस्कृतीने मात्र शतकानुशतके डावा हात दडपला, त्याला अशुभ म्हटले, आणि त्यामुळे डाव्या हाताने लिहिणारी माणसे दिसेनाशी झाली. ती नाहीशी मात्र झाली नव्हती.

३. ‘समलिंगी जनुक’ सापडले, अशी बातमी वाचली होती. खरे काय आहे?

ती बातमी बहुधा १९९३ च्या संशोधनाची असावी. डीन हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समलिंगी भावांच्या जोड्या अभ्यासून एक्स गुणसूत्राच्या टोकाकडील एका भागाशी संबंध दाखवला होता, आणि वर्तमानपत्रांनी त्याचे ‘समलिंगी जनुक’ असे नामकरण केले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध कधी आढळला, कधी नाही.

सर्वांत मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटन आणि अमेरिकेतील सुमारे ४ लाख ७७ हजार लोकांच्या जनुकीय माहितीची त्यात तपासणी झाली. समलिंगी संबंधांशी खात्रीने जोडता येतील अशा केवळ ५ जागा सापडल्या, आणि त्या प्रत्येकीचा परिणाम अगदी किंचित होता. सामान्यतः आढळणारे सगळे जनुकीय फरक एकत्र धरले तर माणसामाणसांतील भिन्नतेचा ८ ते २५ टक्के भाग त्यांतून समजतो. एखाद्या व्यक्तीची जनुके पाहून तिचा कल सांगणे मात्र शक्य नाही. उंची किंवा स्वभाव यांच्यासारखीच ही हजारो लहान धाग्यांनी विणलेली गोष्ट आहे. या अभ्यासाची एक मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे: आयुष्यात एकदा तरी समलिंगी संबंध आला का, असे त्यात विचारले होते. एकदा आलेला संबंध आणि आयुष्यभराचा कल यांत फरक आहे.

४. माझ्या ओळखीच्या एकसारख्या जुळ्यांपैकी एक समलिंगी आहे, दुसरा नाही. मग आनुवंशिकतेचा संबंधच कुठे उरतो?

उरतो, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही. १९९१ च्या एका गाजलेल्या अभ्यासात समलिंगी पुरुषांच्या एकसारख्या जुळ्या भावांपैकी ५२ टक्के समलिंगी आढळले. वेगवेगळ्या बीजांडांपासून झालेल्या जुळ्यांत हे प्रमाण २२ टक्के होते. त्या अभ्यासातली माणसे जाहिराती देऊन गोळा केलेली होती, त्यामुळे दोघेही समलिंगी असलेल्या जोड्या त्यात जास्त आल्या असण्याची शक्यता होती. २००० साली ऑस्ट्रेलियातील जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसे निवडली तेव्हा हे प्रमाण पुरुषांत २० टक्के आणि स्त्रियांत २४ टक्क्यांवर आले. सर्वसाधारण लोकसंख्येतील काही मोजक्या टक्क्यांच्या तुलनेत हे कितीतरी जास्त आहे, म्हणजे आनुवंशिकता आहेच. परंतु १०० टक्क्यांपासून ते फार दूर आहे.

२०१० च्या स्वीडनमधील अभ्यासाने पुढचा प्रश्न विचारला: जनुकांखेरीज उरलेला वाटा कशाचा? पुरुषांत जनुकांचा वाटा सुमारे ३४ ते ३९ टक्के, स्त्रियांत सुमारे १८ ते १९ टक्के निघाला. दोन्ही भावंडांना सारखेच मिळालेले घरातले वातावरण पुरुषांत जवळजवळ शून्य ठरले आणि स्त्रियांत साधारण १६ ते १७ टक्के. बाकीचा मोठा वाटा त्या एका भावंडापुरत्याच घडलेल्या गोष्टींचा आहे, आणि त्यांत गर्भातले फरकही मोडतात. एकसारखी जुळीही अनेकदा वेगळ्या नाळेवर वाढतात, त्यांना रक्तपुरवठा सारखा मिळत नाही. तुमच्या ओळखीच्या जुळ्यांचे उदाहरण म्हणूनच अपवाद नाही. ज्या जोडीत एक समलिंगी असतो, त्या बहुतेक जोड्या तशाच असतात.

५. गर्भात संप्रेरकांचा नेमका काय परिणाम होतो?

पहिले सुमारे सहा आठवडे सर्व गर्भांची जननग्रंथी एकसारखी असते आणि ती दोन्ही दिशांना वळू शकते. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक, जे १९९० मध्ये ओळखले गेले, काम करू लागले की तिचे वृषण बनते. वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करते आणि पुढील काही आठवड्यांत बाह्य जननेंद्रिये पुरुषी वळण घेतात. मेंदूची जडणघडण मात्र बरीच नंतरपर्यंत चालू राहते. शरीर आणि मेंदू वेगवेगळ्या काळात घडत असल्याने त्यांची दिशा क्वचित वेगळी होऊ शकते, हा पारलिंगी ओळखीच्या स्पष्टीकरणांपैकी एक महत्त्वाचा तर्क आहे.

निसर्गाने घडवलेले काही प्रसंग इथे पुरावा म्हणून येतात. जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या स्थितीत एक्सएक्स गुणसूत्रांच्या मुलीला गर्भात पुरुषी संप्रेरके नेहमीपेक्षा जास्त मिळतात. अशा मुलींची खेळांची आवड मुलग्यांकडे झुकलेली असते, आणि मोठेपणी स्त्रियांकडे आकर्षित होण्याचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा जास्त आढळते. तरीही त्यांतील बहुसंख्य स्वतःला स्त्रीच मानतात आणि बहुसंख्य भिन्नलिंगी असतात. संप्रेरके पारडे झुकवतात, निकाल लावत नाहीत.

याच्या उलट, पूर्ण अँड्रोजेन असंवेदनशीलता असलेल्या व्यक्तीची गुणसूत्रे एक्सवाय असतात, शरीरात वृषण असते, टेस्टोस्टेरॉनही असते. फक्त पेशींना त्याचा संदेश कळत नाही. या व्यक्ती स्त्रीदेहाने जन्मतात, साधारणतः स्त्री म्हणूनच स्वतःला ओळखतात आणि बहुतेकींना पुरुष आवडतात. हा पुरावा काहीजण संप्रेरकांच्या बाजूने एकदम निर्णायक म्हणून मांडतात. ते मला घाईचे वाटते, कारण इथे संप्रेरकांचा अभाव, देह आणि संगोपन या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला आहेत आणि त्यांना एकमेकींपासून वेगळे करता येत नाही.

हे सगळे जन्मापूर्वीच्या संप्रेरकांबद्दल झाले. प्रौढ समलिंगी स्त्री-पुरुषांची संप्रेरके इतरांसारखीच असतात. विसाव्या शतकात समलिंगी पुरुषांना ‘बरे करण्यासाठी’ टेस्टोस्टेरॉन टोचले गेले. त्याने इच्छा वाढली, दिशा बदलली नाही.

६. मोठे भाऊ जितके जास्त, तितकी धाकटा समलिंगी असण्याची शक्यता जास्त, हे खरे आहे का?

होय, आणि हा या क्षेत्रातील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी १९९६ मध्ये दाखवले की प्रत्येक मोठ्या भावामागे ही शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. मोठ्या बहिणींचा असा परिणाम होत नाही. २००६ मध्ये बोगार्ट यांनी आणखी एक गोष्ट तपासली: घरात वाढलेल्या सावत्र किंवा दत्तक भावांनी काही फरक पडत नाही, आणि एकाच आईचे भाऊ दुसऱ्या घरात वाढले तरी परिणाम दिसतो. म्हणजे कारण घरात नाही, गर्भाशयात आहे. २०१८ मध्ये समलिंगी मुलगे असलेल्या मातांच्या, विशेषतः ज्यांच्या त्या मुलाला मोठे भाऊ होते अशा मातांच्या रक्तात, वाय गुणसूत्रावरून बनणाऱ्या एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे जास्त आढळली. पहिल्या मुलग्याच्या वेळी आईच्या शरीराला हे परके प्रथिन ओळखू येते आणि पुढच्या वेळी त्याविरुद्धची प्रतिक्रिया वाढते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे.

‘३३ टक्के’ ऐकून घाबरलेल्या मातांची पत्रे येतात, म्हणून हिशेब मांडतो. मूळ शक्यता २ टक्के धरली, तर दोन मोठे भाऊ असलेल्या मुलाची ती साधारण साडेतीन टक्के होते. म्हणजे अशा १०० मुलांपैकी ९६ हून अधिक भिन्नलिंगीच असतात. उलट बाजूने, समलिंगी पुरुषांपैकी साधारण सातांपैकी एकाच्या बाबतीत हे कारण लागू पडते असा अंदाज आहे. बाकीच्या सहांचे स्पष्टीकरण दुसरीकडे आहे.

७. मेंदूची तपासणी करून कल किंवा ओळख सांगता येते का?

नाही. १९९१ मध्ये सायमन लव्हे यांनी ४१ मृत व्यक्तींचे मेंदू तपासून अधश्चेतकातील (मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील) एक लहानसा पेशीसमूह समलिंगी पुरुषांत भिन्नलिंगी पुरुषांपेक्षा लहान असल्याचे नोंदवले. त्यांतले समलिंगी पुरुष एड्सने मरण पावले होते, त्यामुळे हा फरक आजाराचाही असू शकतो, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला. १९९५ मध्ये पारलिंगी स्त्रियांच्या मेंदूतील एका भागाचा आकार इतर स्त्रियांसारखा असल्याचा अभ्यास आला, पण त्यात सहाच पारलिंगी स्त्रिया होत्या. २०१५ मध्ये १४०० हून अधिक मेंदूंच्या प्रतिमा पाहून डाफ्ना जोएल यांच्या गटाने दाखवले की पूर्णपणे ‘पुरुषी’ किंवा पूर्णपणे ‘बायकी’ असा मेंदू विरळाच. बहुतेकांत दोन्हींचे मिश्रण असते. सरासरीतले फरक गटांविषयी सांगतात, समोरच्या माणसाविषयी नाही.

मेंढ्यांवरील संशोधन मला यापेक्षा बोलके वाटते. सुमारे ८ टक्के मेंढे, माद्या उपलब्ध असतानाही, सातत्याने नरच निवडतात, आणि त्यांच्या अधश्चेतकातला तत्सम भाग इतर नरांपेक्षा लहान असतो. मेंढ्यांना कुणी काही शिकवलेले नसते.

८. एखाद्या मुलग्याला पहिल्या दिवसापासून मुलगी म्हणून वाढवले, तर तो मुलगी होणार नाही का?

हा प्रयोग कुणी मुद्दाम करू नये, पण तो घडलेला आहे. कॅनडातील डेव्हिड रायमर यांचे शिश्न वयाच्या आठव्या महिन्यात, १९६६ साली, शस्त्रक्रियेतील अपघाताने नष्ट झाले. मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्यांना मुलगी म्हणून वाढवले गेले, आणि संगोपनाने ओळख ठरते याचा दाखला म्हणून त्यांची कहाणी १९७० च्या दशकात सांगितली गेली. प्रत्यक्षात ते मूल ती ओळख सतत नाकारत होते. वयाच्या चौदाव्या वर्षी सत्य कळल्यावर ते पुरुष म्हणून जगू लागले, आणि १९९७ मध्ये हे जगासमोर आले. ज्या मुलांवर पुढे याच विश्वासाने शस्त्रक्रिया झाल्या, त्यांचा विचार मनातून जात नाही.

एका व्यक्तीवरून नियम बांधू नये. २००४ मध्ये जन्मतः ओटीपोटाचा भाग नीट न घडलेल्या एक्सवाय मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ जणांना मुली म्हणून वाढवायचे ठरले होते, आणि त्यांपैकी ८ जणांनी पुढे स्वतःला मुलगा म्हणून जाहीर केले. म्हणजे संगोपन पुष्कळांच्या बाबतीत हरले, सगळ्यांच्या नाही. रायमर यांच्यासारखाच अपघात झालेल्या आणखी एका बाळाची नोंद १९९८ मध्ये झाली. त्या व्यक्तीला सातव्या महिन्यापासून मुलगी म्हणून वाढवले गेले आणि मोठेपणी ती स्त्री म्हणूनच जगत होती.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील सॅलिनास या गावाचे उदाहरणही सांगितले जाते. तिथे एका विकराच्या कमतरतेमुळे काही एक्सवाय मुले जन्मतः मुलींसारखी दिसतात आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषी होते. मुली म्हणून निःसंशय वाढवलेल्या १८ जणांपैकी १७ जणांनी पुरुषाची ओळख स्वीकारली. हा संप्रेरकांचा विजय म्हणून सांगितला जातो, पण त्या गावात अशा मुलांसाठी वेगळा शब्द रूढ होता, हा बदल होणार हे लोकांना ठाऊक झाले होते, आणि बदललेला देह आरशात रोज दिसत होता. शरीर आणि समाज इथे हातात हात घालून चालले.

९. मग संस्कृती नेमके काय करते? तिला काही महत्त्व आहे की नाही?

फार मोठे महत्त्व आहे. प्रशांत महासागरातील सामोआ या बेटांवर, जन्मतः मुलगा म्हणून नोंदलेल्या पण बायकी वळणाने वाढणाऱ्या आणि पुरुषांकडे आकर्षित होणाऱ्या व्यक्तींना फाफाफिने म्हणतात. त्या स्वतःला ‘समलिंगी पुरुष’ म्हणवत नाहीत, कारण तिथल्या समजुतीप्रमाणे त्या पुरुष या वर्गातच बसत नाहीत. मेक्सिकोतील वाहाका प्रांतातल्या झापोटेक समाजात अशा व्यक्तींना मुशे म्हणतात. संशोधकांना या दोन्ही समाजांत मोठ्या भावांचा तोच परिणाम दिसला (प्रश्न ६), आणि बालपणीच्या वळणातही विलक्षण साम्य दिसले. म्हणजे सामोआत फाफाफिने म्हणून वाढणारे मूल कॅनडात जन्मले असते, तर बहुधा समलिंगी पुरुष म्हणून, कदाचित पारलिंगी स्त्री म्हणून जगले असते. आतली प्रवृत्ती तीच राहिली असती, आणि तिच्याभोवती घातलेले जीवन मात्र निराळे झाले असते. या पानावरचे एकच उत्तर कुणी वाचणार असेल, तर ते हे वाचावे.

संस्कृती किती खाने पाडते हेही ठरलेले नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील बुगिस समाज पाच लिंगभाव मानतो; त्यांतील बिस्सू हे धार्मिक विधींचे अधिकारी असतात. अल्बानियाच्या डोंगराळ भागात काही स्त्रिया आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेऊन पुरुष म्हणून जगत. त्यांतील अनेकींनी हे आतल्या जाणिवेमुळे केले नव्हते. घरात पुरुष वारस उरला नव्हता, किंवा ठरलेले लग्न टाळायचे होते. बाहेरून पारलिंगी वाटणारी प्रत्येक प्रथा आतून तशी असेलच असे नाही, हे त्यांच्यावरून शिकता येते.

१०. ‘समलैंगिक’ ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकातली आहे म्हणतात. मग त्याआधी अशी माणसे नव्हती का?

माणसे होती, वर्गीकरण नव्हते. ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द कार्ल मारिया केर्टबेनी यांनी १८६९ मध्ये छापील मजकुरात प्रथम वापरला. त्याआधी बहुतेक समाजांत कृत्याला नाव होते, निषेध किंवा मुभा होती. पण ते कृत्य करणारा म्हणजे एक वेगळ्या जातीचा माणूस, ही कल्पना रूढ नव्हती. नाव मिळाल्यावर दोन्ही गोष्टी घडल्या: त्या नावाखाली माणसे पकडली गेली, आणि त्याच नावाखाली ती एकत्रही आली.

११. पूर्वी कुठे एवढे लोक होते? हल्लीच संख्या का वाढली? ही फॅशन नाही का?

अमेरिकेतील गॅलप या संस्थेच्या पाहणीत स्वतःला समलिंगी, उभयलैंगिक (प्रश्न १५ पाहा) किंवा पारलिंगी सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१२ मध्ये ३.५ टक्के होते आणि २०२४ मध्ये ९.३ टक्के झाले. वाढ खरी आहे. ती मुख्यतः तरुणांत आहे, आणि त्यांतही स्वतःला उभयलैंगिक म्हणवणाऱ्या तरुण स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

इथे पुन्हा डावखुऱ्यांकडे पाहावे. ब्रिटन-अमेरिकेत १९०० च्या सुमारास जन्मलेल्यांत डाव्या हाताने लिहिणारे सुमारे ३ टक्के होते. शाळांनी हात बांधणे सोडले तसे ते प्रमाण वाढत गेले आणि ११-१२ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबले. दडपण उठले की लपलेले दिसू लागते. परंतु सगळी वाढ एवढ्यानेच समजते असा दावा मी करणार नाही. थोडेसेही आकर्षण जाणवले तर त्याला नाव द्यावे असे आजच्या पिढीला वाटते, आधीच्या पिढीला वाटत नव्हते. आणि नाव कधी द्यायचे हे ठरवणे हे संस्कृतीचेच काम आहे. लोक कोणता शब्द निवडतात हे झपाट्याने बदलू शकते, आणि म्हणून त्यावरून आकर्षणाच्या मूळ प्रमाणाविषयी निष्कर्ष काढताना सावध राहावे.

१२. माझा चार वर्षांचा मुलगा बाहुल्यांशी खेळतो आणि ओढणी डोक्यावर घेतो. तो पुढे कोण होईल?

सांगता येत नाही. पुष्कळ समलिंगी प्रौढ आपले बालपण असेच होते असे सांगतात, आणि बालपणीच्या घरगुती चित्रफितींच्या अभ्यासातही हे दिसले आहे. पण तशी सगळीच मुले समलिंगी होत नाहीत, आणि सगळे समलिंगी पुरुष तसे वाढलेले नसतात. अशी मुले मोठेपणी भिन्नलिंगी, समलिंगी किंवा पारलिंगी यांपैकी काहीही असू शकतात. ‘मला मुलीचे खेळ आवडतात’ आणि ‘मी मुलगी आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. दुसरे वाक्य मूल वर्षानुवर्षे, आग्रहाने आणि आपल्या शरीराविषयीच्या त्रासासह म्हणत असेल, तर या विषयातल्या जाणकार बालमानसतज्ज्ञाला भेटावे. पहिल्या वाक्यासाठी कुठेही जाण्याची गरज नाही, बाहुली काढून घेण्याची तर मुळीच नाही.

१३. आमचे काही चुकले का? वडील कठोर होते, आई फार लाडावत होती, म्हणून असे झाले का? की लहानपणी काही अत्याचार झाला असेल?

तुमचे काही चुकलेले नाही. कठोर बाप आणि गुदमरवणारी आई ही उपपत्ती विसाव्या शतकाच्या मध्यात मनोविश्लेषकांनी उपचारांसाठी आलेल्या रुग्णांवरून मांडली, आणि ती टिकली नाही. जुळ्यांच्या अभ्यासात समान घराचा परिणाम किती थोडा निघाला हे प्रश्न ४ मध्ये पाहिले. समलिंगी जोडप्यांनी वाढवलेली बहुसंख्य मुले भिन्नलिंगी असतात, आणि आजवरच्या जवळजवळ सर्व समलिंगी व्यक्तींना भिन्नलिंगी पालकांनीच वाढवले आहे. वडिलांशी दुरावा दिसलाच, तर क्रम उलटाही असू शकतो: वेगळ्या वळणाचा मुलगा पाहून वडीलच मागे सरलेले असतात.

अत्याचाराबाबत सांगायचे, तर काही पाहण्यांत समलिंगी आणि उभयलैंगिक व्यक्तींनी बालपणीच्या अत्याचाराची नोंद इतरांपेक्षा जास्त केली आहे. त्यावरून अत्याचारामुळे कल बनला असे ठरत नाही. वेगळी दिसणारी, एकटी पडलेली मुले अत्याचाऱ्यांना सहज सावज वाटतात हेही त्यामागचे कारण असू शकते. बहुसंख्य समलिंगी व्यक्तींवर असा अत्याचार झालेला नसतो, आणि ज्यांच्यावर झाला त्यांतले पुष्कळ भिन्नलिंगी असतात. अत्याचार झाला असेल तर त्या जखमेसाठी मदत घ्यावी. कल हे तिचे लक्षण समजू नये.

१४. कल बदलता येतो का? आणि काहींचा आपोआप बदलतो, ते कसे?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ठरवून, उपचारांनी, धाकाने किंवा प्रार्थनेने कल बदलतो याला पुरावा नाही, आणि अशा प्रयत्नांतून नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात याला पुरावा आहे. मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी २००३ मध्ये काहींचा कल बदलतो असा निबंध लिहिला. २०१२ मध्ये त्यांनी तो निष्कर्ष चुकीचा असल्याचे मान्य करून समलिंगी समाजाची माफी मागितली. अशा उपचारांचा पुरस्कार करणारी अमेरिकेतील ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही संघटना २०१३ मध्ये माफी मागून बंद झाली.

आपोआप होणारा बदल मात्र काहींच्या आयुष्यात खरा असतो. लिसा डायमंड यांनी सुमारे १०० तरुण स्त्रियांच्या अनुभवांचा १० वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील साधारण दोन तृतीयांश स्त्रियांनी त्या काळात स्वतःसाठी वापरलेला शब्द किमान एकदा बदलला होता. त्यांपैकी पुष्कळींचे आकर्षण मुळातच दोन्हींकडे होते आणि त्याचे प्रमाण कमीजास्त होत गेले. हा बदल मनात येईल तेव्हा करता येत नाही. तो त्यांच्या बाबतीत घडला. जे आपोआप सरकते ते ढकलूनही सरकेल, हे अनुमान चुकीचे आहे.

१५. ‘उभयलिंगी’ म्हणजे दोन्ही लिंगांकडे आकर्षण असलेला, की दोन्ही प्रकारचे अवयव असलेला?

मराठीत हा शब्द दोन्ही अर्थांनी छापला जातो आणि त्यामुळे अनर्थ होतात. म्हणून इथे दोन्हींकडे आकर्षण असलेल्या व्यक्तीसाठी ‘उभयलैंगिक’ आणि शरीराची लिंगलक्षणे नेहमीच्या दोन साच्यांत न बसणाऱ्या व्यक्तीसाठी ‘आंतरलिंगी’ हे शब्द वापरले आहेत. आंतरलिंगी व्यक्तींच्या प्रमाणाचे आकडेही असेच व्याख्येवर अवलंबून असतात: सर्व प्रकारचे फरक धरले तर १.७ टक्के हा आकडा मिळतो, आणि व्याख्या फार अरुंद केली तर ०.०१८ टक्के. आंतरलिंगी व्यक्तीची ओळख आणि कल काहीही असू शकतात.

१६. पारलिंगी व्यक्तीला कोण आवडते? संप्रेरके घेतल्यावर कल बदलतो का?

पारलिंगी स्त्रीला पुरुष आवडू शकतात, स्त्रिया आवडू शकतात, दोन्ही आवडू शकतात किंवा कुणीच नाही. पारलिंगी स्त्रीला पुरुष आवडत असतील तर ती भिन्नलिंगी ठरते, कारण कलाचे नाव व्यक्तीच्या ओळखीवरून द्यायचे असते. संप्रेरके घेतल्यानंतर आपले आकर्षण थोडेफार बदलले असे काहीजण सांगतात. त्यातला किती भाग औषधाचा आणि किती भाग स्वतःच्या शरीराशी जुळल्यामुळे आलेल्या मोकळेपणाचा, हे एकमेकांपासून सोडवणे कठीण असते.

१७. हा आजार आहे का?

नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी. पारलिंगी ओळखीशी निगडित नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत मानसिक विकारांच्या प्रकरणातून हलवून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली, जेणेकरून वैद्यकीय मदत मिळत राहावी आणि विकाराचा शिक्का पुसला जावा.

१८. मी स्वतःला पुरुषही मानत नाही, स्त्रीही मानत नाही. इंग्रजीत सोय आहे. मराठीत मी स्वतःबद्दल कसे बोलायचे?

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. १९८२ च्या एका अभ्यासात असे आढळले की लिंगभेद पदोपदी दाखवणाऱ्या हिब्रू भाषेत वाढणारी मुले आपण मुलगा की मुलगी हे, तसा भेद जवळजवळ न दाखवणाऱ्या फिनिश भाषेतील मुलांपेक्षा सुमारे एक वर्ष आधी ओळखतात. फिनिश मुलेही लवकरच तिथे पोहोचतात. ओळख भाषेने निर्माण केली नाही, पण ती केव्हा आणि किती ठळकपणे समोर यावी हे भाषेने ठरवले. मराठी या बाबतीत हिब्रूच्या जवळची आहे: ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ म्हटल्याशिवाय मूल घरात आल्याचेही सांगू शकत नाही.

मराठीत नपुंसकलिंग आहे, पण ‘ते मूल’ म्हणताना जो जिव्हाळा वाटतो तो प्रौढ माणसाला ‘ते आलं’ म्हणताना राहत नाही, आणि अनेकांना ते अपमानास्पद वाटते. तरीही आपली भाषा वाटते तितकी बंदिस्त नाही. भविष्यकाळात ‘मी येईन’ म्हणताना लिंग दिसत नाही. ‘मला वाटते’, ‘मला आवडते’ यांतही दिसत नाही. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी भाकरी खाल्ली’ ही वाक्ये कुणीही म्हणू शकते. अनेकवचनी ‘आम्ही आलो’ सर्वांना सारखेच लागू पडते, आणि समोरच्याला ‘तुम्ही आलात’ म्हटले की आदरही राहतो आणि लिंगही विचारावे लागत नाही. अडतात ती मुख्यतः ‘मी जातो, मी जाते’, ‘मी गेलो, मी गेले’ यांसारखी रोजची वाक्ये. तिथे काहीजण दोन्ही रूपे आलटून पालटून वापरतात, काहीजण मनाला जवळचे वाटणारे एक रूप कायम धरतात, आणि काहीजण ‘मला जायचे आहे’, ‘माझे जाऊन झाले’ अशी वाक्ये करून वाट काढतात. तुमच्यासाठी यांतले जे सहज तोंडी येईल ते वापरा, आणि कोणते रूप चालेल हे जवळच्या माणसांना एकदा स्पष्ट सांगा.